बाणातला ‘ण’

आमच्या घरात ‘ण’ चुकवण्याची मुभा कोणालाही नाही. माझा मुलगा बोलू लागला तेव्हा त्याने ‘पानी’ मागितले, आणि तो ‘पाणी’ म्हणेपर्यंत पेला माझ्या हातातच राहिला. याला कोणी कठोरपणा म्हणेल. मी पूर्वतयारी म्हणते. ज्या शाळेत मी शिकले, तेथे माझी जात कोणी विचारत नसे. मला उभे करून धड्यातला एक परिच्छेद वाचायला सांगत आणि पहिला ‘ण’ येईपर्यंत वाट पाहत. तो आला की वर्ग हसे, आणि जात कळल्याचे समाधान सर्वांना मिळे. पुढे त्याच शाळेतून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मी ‘ण’ असलेले शब्द वेचून वेचून घातले होते, आणि शेवटच्या रांगेपर्यंत कोणाचा ओठ हलला नाही.

मला घरात सगळे ‘बाई’च म्हणतात. मुलगा माझ्याच शाळेत होता. आईला बाई म्हणण्याची लागलेली सवय त्याला पुढे सोडता आली नाही. सून आणि नात यांनी तीच परंपरा चालवली. सून दातांची डॉक्टर आहे. दात कसे असावेत हे ती जाणते. जीभ त्यांच्या मागे कुठे टेकवावी, हे तिलाही मीच सांगितले.

अपवाद एकच, माझी धाकटी नणंद. ती आमच्याकडेच राहते. शिवणाचे वर्ग चालवून तिने निम्म्या शहराच्या बायकांना हात धरून शिवण शिकवले, आणि त्या सर्वांशी ती नळातल्या ‘न’नेच बोलली. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून तिला सुधारते आहे. ‘अगं, हा बाणातला ण,’ असे मी म्हणावे, आणि सुईत दोरा ओवता ओवता तिने म्हणावे, ‘तेच तर म्हनतेय, वैनी. बानातला.’

अशा घरातली माझी नात नटी झाली. मला ते पसंत होते असे मी म्हणणार नाही. परंतु अभिनयाचे शिक्षण तिने पहिल्या वर्गात पूर्ण केले, तेव्हा माझी हरकत मी मागे घेतली. त्यानंतर तिच्या वाट्याला मुख्यतः दारे आली. चित्रपटात कोणी घंटी वाजवली की ही दार उघडे, ‘साहेब घरी नाहीत’ असे म्हणे, आणि दाराबरोबर दिसेनाशी होई. आम्ही सहकुटुंब चित्रपटगृहात जाऊन तेवढे दार पाहून येत असू.

मग त्या चित्रपटाची बातमी आली. आमच्यासारख्याच वस्तीत वाढलेली, आमच्याच जातीची एक मुलगी शिकते आणि मोठ्या कार्यालयात नोकरीला लागते, अशी त्याची कथा होती. अशी मुलगी कथेच्या मधोमध उभी असलेला चित्रपट पुन्हा केव्हा निघेल, याचा काही भरवसा नव्हता. नातीला ती भूमिका हवी होती. इतक्या सरळपणे तिने आयुष्यात दुसरे काही मागितल्याचे मला आठवत नाही.

चाचणी देऊन ती परतली तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो.

‘काय म्हणाले?’ मी विचारले.

‘खूप आवडलं म्हणाले.’

‘मग चेहरा असा का?’

‘म्हणाले, तू करतेस छान, पण तू त्यातली वाटत नाहीस.’

‘कशातली?’ सुनेने विचारले.

‘आपल्यातली.’

मग नणंद म्हणाली, ‘मग कोनातली वाटतेस?’

‘त्यांच्यातली. माझी भाषा फार शुद्ध आहे म्हणे. म्हणून नायिकेच्या मैत्रिणीचं काम देतायत. ती वरच्या जातीची असते. एकदा नायिकेला पुस्तक देते, एकदा तिच्यासाठी रडते, आणि मग लग्न होऊन जाते.’

‘तू सांगितलं नाहीस का, आपण कोण ते?’ माझा मुलगा म्हणाला.

‘सांगितलं ना. त्यांना इतका आनंद झाला, बाबा. म्हणाले, अरे वा, कळतच नाही. ते त्यांनी कौतुक म्हणून म्हटलं, बरं का. तुम्ही उगाच चमचा खाली ठेवू नका.’

‘आणि नायिका कोण आहे?’ मी विचारले.

‘दिग्दर्शकाची मामेबहीण.’

‘ती आपल्यातली वाटते?’

‘अजून नाही. रंग लावणार आहेत.’

दिग्दर्शकाने अद्याप शेवटचा शब्द दिला नव्हता. मामेबहिणीला तयारीसाठी ‘घरचं वातावरण’ दाखवायचे होते, तेव्हा पुढच्या रविवारी तो तिला घेऊन आमच्याकडे येणार होता. त्याच वेळी नातीची आणखी एक चाचणी घेण्याचे त्याने मान्य केले होते. अट एकच होती. तिने ‘ती भाषा’ आणावी.

‘कोणती?’ मी विचारले, जरी मला समजले होते.

नातीने नणंदेकडे पाहिले. नणंदेने आमटी वाढून घेतली आणि अतिशय नम्र चेहरा केला.

त्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात एक शाळा भरू लागली. मी दाराशी आले की ती सुटे. एकदा मी पावलांचा आवाज न करता गेले, आणि माझ्या नातीला, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या माझ्या नातीला, ‘आनि मग कोन आलं’ असे म्हणताना ऐकले.

मी खाकरले.

‘ये, वैनी,’ नणंद म्हणाली. ‘मागच्या बाकावर जागा आहे.’

‘जे मी तुमच्या तिघांच्या जिभांवरून घासून काढलं,’ मी नातीला म्हणाले, ‘ते तू हौसेने परत लावून घेतेस?’

‘मला ते कायमचं नकोय, बाई. मला दोन्ही हवंय.’

‘दोन्ही असं काही नसतं. शुद्ध असतं, नाहीतर अशुद्ध असतं.’

‘आत्याआजी अशुद्ध आहे का?’

हा प्रश्न अप्रामाणिक होता, कारण आत्याआजी समोरच बसली होती आणि उत्तराची वाट पाहत होती. पाहुण्यांसाठी पडदे बदलायचे आहेत, असे सांगून मी तेथून निघाले.

रविवारी दिग्दर्शक आला. तरतरीत, गोरा, दाढी राखलेला आणि मनाने खरोखर चांगला मुलगा. त्याच्या मागोमाग मामेबहीण आली. तिने हातमागाची साधी साडी मुद्दाम चुरगळून नेसली होती. दोघांनी आमच्या बैठकीच्या खोलीवरून नजर फिरवली. पुस्तकांची कपाटे, मुलाच्या सतारीची पेटी, सुनेच्या महाविद्यालयातील पदके. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उतरले, ते सभ्य माणसाला लपवता येईल तितके त्यांनी लपवले. त्यांची निराशा झाली होती.

‘बसा,’ मी म्हणाले.

दिग्दर्शक जमिनीवर बसला. मामेबहीण त्याच्या शेजारी बसली.

‘अहो, सोफा आहे की,’ नणंद म्हणाली. ‘सकाळीच पुसलाय.’

‘नको, आजी. आम्हाला तुमच्यासारखंच बसायचंय.’

मी, नणंद आणि नात सोफ्यावर बसलो होतो. तशा अवस्थेत संभाषण सुरू झाले.

‘आजी मी हिची,’ नातीकडे हात करून मी त्याला सांगितले. ‘तुम्ही बाई म्हणा. आणि वर बसा, मला खाली बघून बोलायची सवय वर्गापुरतीच आहे.’

तो वर बसला. ‘बाई, तुमच्याकडे जुनं काही आहे का? म्हणजे, पूर्वीच्या दिवसांतलं?’

‘जुनी मी आहे.’

‘तसं नाही. भांडी, चूल, एखादी फाटकी... म्हणजे संघर्षाच्या काळातली वस्तू.’

‘भांडी मोडीत घातली. चूल सोडून आलो, ती ओढत आणता येत नाही. संघर्ष मात्र अजून वापरात आहे. सुनेला विचारा, नवा रुग्ण खुर्चीत बसण्याआधी दारावरची आडनावाची पाटी किती बारकाईने वाचतो ते.’

त्याने गंभीरपणे मान हलवली. ‘मी तुम्हाला खरं सांगतो, बाई, आम्ही जात अजिबात मानत नाही. आमच्या घरात तर हा विषयच निघत नाही.’

‘साहजिक आहे. ज्यांच्या नळाला सतत पाणी येतं, त्यांच्या घरात पाण्याचाही विषय निघत नाही.’

तो हसला, त्याला वाटले की मी सहमत झाले. चहा आला. मी चौकशी म्हणून विचारले, ‘तुमच्या चित्रपटाचं छायाचित्रण कोणाकडे आहे?’

‘चुलतकाकांकडे.’

‘कपडेपट?’

‘मावशी बघते.’

‘संवाद?’

‘दादाने लिहिलेत. पैसे बाबांचे आहेत.’

‘म्हंजे घरचंच कार्य म्हना की,’ नणंद म्हणाली. ‘बाहेरचा फक्त आचारी.’

‘नाही, नाही,’ तो घाईने म्हणाला, ‘सगळ्यांना गुणवत्ता बघूनच घेतलंय. लहानपणापासून सेटवर वाढलीत ही माणसं.’

‘बरं झालं,’ मी म्हणाले. ‘गुणवत्ता शोधायला फार लांब जावं लागलं नाही.’

परंतु तो आता माझ्याकडे पाहत नव्हता. तो नणंदेकडे पाहत होता, आणि त्याने खिशातून फोन काढून ध्वनिमुद्रण सुरू केले होते. ‘तुम्ही किती अस्सल बोलता,’ तो भारावून म्हणाला. नणंदेने पदर सारखा केला आणि माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. तो कटाक्ष मी तिला माफ केलेला नाही.

मग मामेबहीण उभी राहिली. मुलगी मेहनती होती, हे मी लगेच ओळखले. तिने संवाद तोंडपाठ केले होते आणि तळहात घामाने ओले झाले होते. कार्यालयातील साहेबांपुढे नायिका उभी आहे, असा प्रसंग होता.

‘सायेब,’ तिने डोळे खाली घालून म्हटले, ‘माजं णाव लिवूण घ्या. मी शिकलेली हाय. माज्या मणात कोनाबद्दल राग णाय.’

नणंद माझ्याकडे झुकली.

‘पोरीला पडसं झालंय का?’ नणंदेने मला हळूच विचारले.

‘ही कुठली बोली?’ मी विचारले.

‘तिथलीच,’ दिग्दर्शक म्हणाला. ‘दादाने अभ्यास केलाय.’

‘मी सगळं उलटं करते,’ मामेबहिणीने प्रामाणिकपणे खुलासा केला. ‘ण असेल तिथे न, आणि न असेल तिथे ण. रोज आरशासमोर करते.’

पस्तीस वर्षे शिकवलेली शिक्षिका माझ्यात जागी झाली. ‘बाळ,’ मी म्हणाले, ‘नावातला न सगळ्या जातींना सारखाच आहे. तो कोणी हिरावून घेतलेला नाही. तेवढा तरी राहू दे.’

तिने चटकन हातातल्या कागदावर खूण केली. मला ती आवडू लागली होती, आणि त्यामुळे माझी अडचण झाली.

आता नातीची पाळी होती. तिने दादांचे संवाद बाजूला ठेवले आणि तोच प्रसंग आपल्या पद्धतीने बांधला. मुलगी घरी आहे, आई आत आहे, आणि कार्यालयातून साहेबांचा फोन येतो.

‘हो, सर. कोणत्या विभागात? जाणून घ्यायला आवडेल. एक क्षण थांबता का?’ फोनवर हात ठेवून तिने स्वयंपाकघराकडे मान वळवली. ‘आई, पानी दे गं आधी. कोन हाय ते नंतर सांगते. रडू नको, नोकरी लागलीय, कोनी मेलं नाही.’ आणि पुन्हा फोनवर, खांदे सरळ करून, ‘क्षमा करा, सर. पाणी घेत होते.’

माझ्या बैठकीच्या खोलीत ‘पानी’ हा शब्द नातीच्या तोंडून इतक्या मोकळ्या आवाजात प्रथमच उच्चारला गेला. दुरुस्त करण्यासाठी माझे तोंड उघडलेही होते. परंतु वाक्य असे काही वळून गेले, की दुरुस्तीला त्यात जागा सापडेना. मी तोंड मिटले. सुनेने ते पाहिले. दातांच्या डॉक्टरच्या नजरेतून तोंडे सुटत नाहीत.

मामेबहीण टाळ्या वाजवू लागली. दिग्दर्शक मात्र दाढी खाजवीत होता.

‘छान आहे. पण गोंधळ होतोय. एकदा ण, एकदा न. ती नक्की कशी बोलते?’

‘अशीच.’

‘सगळीकडे न ठेवून बघ. म्हणजे ती कुठली आहे, याचा प्रेक्षकांना विसर पडणार नाही.’

‘ती ऑफिसात कुठली आहे हे दाखवायला जात नाही,’ नात म्हणाली, ‘काम करायला जाते.’

तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. वाईट वाटल्याशिवाय कोणी इतका वेळ आमच्या खिडकीबाहेर पाहत नाही. समोर फक्त वाहनतळ आहे. ‘मला वाटतं,’ तो शेवटी म्हणाला, ‘तू मैत्रीणच कर. ते काम तुला सहज जमेल.’

माझी नात रडेल असे मला वाटले आणि मी उठण्याच्या तयारीत होते. पण ती म्हणाली, ‘ठीक आहे. मैत्रीण करते. फक्त मला तयारी करावी लागेल. मी तशा घरातली नाही ना.’

‘म्हणजे?’

‘तुम्ही कसं इथे आलात, तसं मला तुमच्याकडे यावं लागेल. घरचं वातावरण बघायला.’

‘आमच्याकडे?’ तो गोंधळला. ‘आमच्याकडे बघण्यासारखं काय आहे?’

‘तेच तर बघायचंय.’

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. नातीने एकटीने जावे असा तिचा विचार होता. तो मी बदलला. नणंद निमंत्रणावाचूनच गाडीत जाऊन बसली होती.

प्रशस्त घर होते. दिवाणखान्याच्या भिंतीवर आजोबांचे, वडिलांचे आणि काकांचे सन्मान स्वीकारतानाचे फोटो ओळीने लावलेले होते. चौथ्या खिळ्यावर अजून काही नव्हते. तो दिग्दर्शकाचा असावा. सगळे जमले होते: निर्माते असलेले वडील, आई, कपडेपटवाली मावशी, संवाद लिहिणारे दादा, आणि कोपऱ्यात मामेबहीण. सर्वजण आमच्याशी इतक्या अदबीने वागत होते, की कोणीतरी आजारी आहे असा भास व्हावा.

आम्ही तिघी खुर्च्यांवर बसलो. वही-पेन्सिल न घेता, अतिशय गोड चेहऱ्याने नातीने सुरुवात केली.

‘तुमच्याकडे जुनं काही आहे का? पूर्वीच्या दिवसांतलं?’

आईंनी एक चांदीचे तबक दाखवले. ‘सासूबाईंच्या सासूबाईंचं.’

‘अजून वापरात आहे?’

‘नाही गं, नुसतं ठेवलंय.’

‘अस्सल आहे,’ नात भारावून म्हणाली. दिग्दर्शकाने मान वर केली. ‘आणि तुम्ही एरवी कसं बोलता? म्हणजे पाहुणे नसताना?’

‘असंच की,’ मावशी म्हणाल्या.

‘थोडं बोलून दाखवता?’

मावशींनी बोलण्याचा प्रयत्न केला. कोणी बोलून दाखव म्हटले की माणसाला काही सुचत नाही. त्या हवामानावर बोलल्या. नणंदेने कौतुकाने मान डोलावली.

‘चहा फारच सुंदर,’ नात म्हणाली. ‘स्वयंपाकघरात दोन तऱ्हांचे पेले दिसले.’

‘ते होय,’ आई म्हणाल्या. ‘आम्ही काही मानत नाही हो. ते कामाच्या बायकांचे फक्त सोयीसाठी वेगळे ठेवलेत.’

‘कोणाच्या सोयीसाठी?’

आईंनी उत्तरासाठी यजमानांकडे पाहिले. यजमानांनी मुलाकडे पाहिले. दिग्दर्शकाने स्वतःच्या हातातल्या पेल्याकडे पाहिले. त्याने तो खाली ठेवला नाही, पण पुढे प्यायलाही नाही.

‘मी आता मैत्रिणीचा प्रसंग करून बघू?’ नात उठत म्हणाली.

नायिकेला पुस्तक देण्याचा तो प्रसंग. नातीने पुस्तक पुढे केले, आणि दुसरीचे बोट आपल्या बोटाला लागू नये इतपत ते कडेला धरले. ‘ठेव तूच,’ ती लाडाने म्हणाली, ‘परत द्यायची काही गरज नाही. आणि आमच्याकडे ये ना कधी. नको, मीच येते. मला तुमच्याकडे यायला फार आवडतं.’ यात तिने काही वाढवले नव्हते. संवाद दादांचेच होते. पण मामेबहीण एकाएकी खळखळून हसू लागली, आणि हसता हसता थांबली.

‘ही मी आहे,’ ती म्हणाली. ‘आत्या, ही मीच आहे ना? हे मला न शिकता येईल. आणि तुम्ही मला इतके दिवस आरशासमोर बसवलंय. काका, मला ते नाही जमत हो. काल फोनवर कोणी नाव विचारलं, तर माझ्या तोंडून णाव आलं.’

‘तू गप्प बस,’ वडील तिला म्हणाले. ते नातीकडे वळले. मोठ्या आवाजाचा, हिशेबी, पण सरळ माणूस. ‘मुली, तू चांगली आहेस, मी नाही म्हणत नाही. नायिका तुला देतो, आत्ता शब्द देतो. मात्र तू ते न-बिन सगळीकडे एकसारखं ठेवायचं. चालेल?’

ज्यासाठी ती झोप घालवून बसली होती, ते आता चहाच्या टेबलावर तिच्यासमोर ठेवलेले होते. तिने फक्त हो म्हणायचे होते. मी तिच्याकडे पाहिले नाही, कारण माझ्या पाहण्याचा तिच्यावर परिणाम होतो.

‘नाही चालणार,’ नात म्हणाली. ‘ती घरी एक बोलेल, ऑफिसात एक. नाहीतर मी मैत्रीण करते.’

‘अगं, पण प्रेक्षकाला पटलं पाहिजे. एकच माणूस दोन तऱ्हांनी बोलतो का कुठे? खऱ्या आयुष्यात असं कोणी नसतं.’

यापुढे जे घडले त्याबद्दल मतभेद आहेत. मी एवढेच सांगू शकते, की एका माणसाने माझ्या देखत माझ्या नातीला खरे आयुष्य समजावून सांगितल्याने मला संताप आला आणि मी उभी राहिले. मी काहीतरी बोलले. उपस्थितांचे म्हणणे असे, की मी मोठ्या आवाजात म्हणाले, ‘कोन म्हनतं नसतं?’

तसे मी म्हटले असण्याचा संभव मला फार कमी वाटतो. परंतु त्यानंतर दिवाणखान्यात पंखा ऐकू येऊ लागला, ही गोष्ट खरी आहे. नणंदेने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले होते. मी खाली बसले आणि नेहमीच्या स्वरात म्हणाले, ‘आपण या विषयावर पुनर्विचार करावा, अशी माझी सूचना आहे.’ त्यातले सगळे वर्ण जागच्या जागी होते.

वडील माझ्याकडे पाहत राहिले, मग नातीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

‘बाबा,’ दिग्दर्शक हळूच म्हणाला, ‘हेच. ती हेच करत होती. मीच तिला नको म्हटलं.’

‘दिसलं मला,’ वडील म्हणाले. त्यांनी थोडा वेळ गुडघ्यावर बोटे वाजवली. ‘दादा, संवाद हिला विचारून पुन्हा लिही. आणि ह्या आजींना,’ त्यांनी नणंदेकडे बोट केले, ‘भाषेसाठी ठेवून घे.’ मग धंद्याची आठवण होऊन ते पुढे म्हणाले, ‘जाहिरातीत मात्र दोघींचे चेहरे सारखेच मोठे राहतील. आमची मुलगी मैत्रीण असली म्हणून काय झालं, घरची आहे.’

‘चालेल,’ नात म्हणाली. आणि मग ती रडली. मावशींनी घाईघाईने तिला पाणी आणून दिले, चांगल्या पेल्यातून.

परतताना गाडीत नात आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती. नणंदेने आपल्याला न्यायला चित्रपटवाल्यांची गाडी सकाळी किती वाजता येईल, याची चौकशी मागच्या वळणापासून तिसऱ्यांदा केली.

‘तुला येता येईल माझ्याबरोबर, वैनी,’ ती म्हणाली. ‘पन मधे मधे शिकवायचं नाही.’

मी गाडीची काच खाली केली.

‘बाई,’ नात म्हणाली, ‘ते वाक्य पुन्हा एकदा म्हणता? मला नीट ऐकून ठेवायचंय. चित्रपटात एका जागी हवंय.’

‘कोणतं वाक्य?’

‘मगाचं.’

‘मी मगाशी पुनर्विचाराची सूचना केली. ती तुझ्या लक्षात असेलच.’

‘त्याच्या आधीचं. थोडं रागावून बघा ना, आपोआप येईल.’

मी प्रयत्न करून पाहिला, हे मी नाकारत नाही. मी तो दाढीवाला मुलगा आठवला, चुलतकाका आठवले, भिंतीवरचे फोटो आठवले. पण माझी नात माझ्या खांद्याला टेकून बसली होती आणि आतापासूनच ओठ हलवून संवाद म्हणत होती, आणि त्या दिवशी मला काही केल्या राग येईना.